ताणाचा मेंदूतला पत्ता

अ‍ॅड्रिनल ग्रंथी काढून टाकलेला उंदीर साध्या पाण्यावर तगत नाही. त्याला मिठाचं पाणी द्यावं लागतं. मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या या दोन चिमुकल्या ग्रंथी गेल्या, की शरीरातलं मीठ राखणारं संप्रेरक जातं आणि मीठ लघवीवाटे वाहून जायला लागतं. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यू यॉर्कमध्ये, ईस्ट रिव्हरच्या काठावरच्या रॉकफेलर विद्यापीठात, ब्रूस मॅकइवन नावाचा तिशीतला संशोधक अशाच उंदरांवर काम करत होता. त्याला मिठाशी देणंघेणं नव्हतं. ताणाच्या वेळी याच ग्रंथींतून जे दुसरं संप्रेरक सुटतं, ते मेंदूत शिरतं का आणि शिरलंच तर कुठे मुक्काम ठोकतं, हे त्याला पाहायचं होतं.

उंदरातल्या या संप्रेरकाचं नाव कॉर्टिकोस्टेरॉन. माणसात हेच काम मुख्यतः कॉर्टिसॉल करतं. ग्रंथी काढण्यामागचं कारण सरळ होतं. धडधाकट उंदराच्या मेंदूत त्याचं स्वतःचं संप्रेरक आधीच जागा अडवून बसलेलं असतं, मग बाहेरून टोचलेल्याला जागा मिळणार कुठली? ग्रंथी काढल्या की जागा रिकाम्या होतात. मग किरणोत्सारी खूण लावलेलं कॉर्टिकोस्टेरॉन अगदी थोड्या मात्रेत टोचायचं, थोडा वेळ थांबायचं, मेंदू बाहेर काढून त्याचे भाग वेगळे करायचे आणि कुठल्या भागातून किती किरणोत्सार येतो ते यंत्रावर मोजायचं. त्या काळच्या माहितीप्रमाणे उत्तर हायपोथॅलॅमस असं यायला हवं होतं. मेंदूच्या तळाशी असलेला हा भाग संप्रेरकांचा कारभार पाहतो, हे सर्वमान्य होतं. आकडे मात्र दुसरीकडेच बोट दाखवत होते. सर्वाधिक संप्रेरक धरून ठेवलं होतं हिप्पोकॅम्पसने.

जे वाइस आणि लेस्ली श्वार्ट्झ यांच्यासह मॅकइवनने हा निष्कर्ष १९६८ च्या नोव्हेंबरमध्ये ‘नेचर’मध्ये छापला. मजकूर दोन पानांचा. पुढची पन्नास वर्षं त्याने जे काही केलं, त्याचं मूळ त्या दोन पानांत आहे.

एवढं काय होतं त्यात? त्यासाठी आधीची समजूत पाहायला हवी. हान्स सेल्ये यांनी १९३६ साली माँट्रियलमधून दाखवून दिलं होतं, की उंदराला थंडीत ठेवा, जखमी करा किंवा विष टोचा, शरीराचा प्रतिसाद बराचसा एकसारखाच असतो आणि त्यात अ‍ॅड्रिनल ग्रंथी फुगतात. ब्रिटनच्या जेफ्री हॅरिस यांच्या कामातून पुढची साखळी कळली: हायपोथॅलॅमस पिट्यूटरीला सांगतो, पिट्यूटरी अ‍ॅड्रिनलला सांगते. म्हणजे हुकूम मेंदूचा आणि अंमलबजावणी खालच्या ग्रंथींची. मेंदू या सगळ्यात साहेब होता. संप्रेरक उलट मेंदूवर येऊन आदळतं आणि तेही हिप्पोकॅम्पससारख्या भागात, हे त्या चित्रात बसत नव्हतं. कारण हिप्पोकॅम्पसची ख्याती वेगळीच होती. १९५७ साली विल्यम स्कोव्हिल आणि ब्रेंडा मिल्नर यांनी ‘एच. एम.’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली होती. अपस्मारावरचा इलाज म्हणून त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हा भाग काढला आणि त्या दिवसापासून त्याला नवं काही लक्षात राहीनासं झालं. ताणाचं संप्रेरक नेमकं आठवणी जिथे घडतात तिथेच जाऊन बसतं, असा मॅकइवनच्या आकड्यांचा अर्थ निघत होता.

हा शोध मॅकइवनच्याच पदरात का पडला, याचं उत्तर त्याच्या शिक्षणात आहे. १९३८ साली कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्समध्ये जन्मलेला हा माणूस मुळात मेंदूवाला नव्हताच. ओबरलिन कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन तो रॉकफेलरला आला आणि आल्फ्रेड मर्स्की व व्हिन्सेंट ऑलफ्री यांच्या प्रयोगशाळेत त्याने १९६४ साली डॉक्टरेट मिळवली. ही दोघं पेशीच्या केंद्रकावर काम करत. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्या प्रथिनांवरच्या रासायनिक खुणा बदलल्या की जनुकांचं काम कमीजास्त होतं, ही कल्पना ऑलफ्री त्याच सुमारास मांडत होते. त्यानंतर मॅकइवन स्वीडनमध्ये होल्गर हीडेन यांच्याकडे काही काळ राहिला आणि १९६६ साली रॉकफेलरला परतला तो मानसशास्त्रज्ञ नील मिलर यांच्या नव्या प्रयोगशाळेत. केंद्रकाचं रसायनशास्त्र आणि वर्तनाचा अभ्यास ही दोन बिऱ्हाडं तेव्हा एका छपराखाली क्वचितच राहत.

स्टेरॉइड जातीची संप्रेरकं पेशीच्या आवरणातून सहज आत शिरतात, तिथल्या रिसेप्टर प्रथिनाला चिकटतात आणि त्याच्यासोबत केंद्रकात जाऊन जनुकं चालू-बंद करतात. गर्भाशयाच्या पेशींमध्ये इस्ट्रोजेनच्या बाबतीत शिकागोच्या एलवुड जेन्सन यांनी अशा रिसेप्टरचा माग काढलेला होता. मेंदूतही हेच घडत असेल, तर अनुभवाचा परिणाम थेट जनुकांपर्यंत पोचतो असं म्हणावं लागेल. १९७२ साली जॉन गेरलाक आणि मॅकइवन यांनी मेंदूचे पातळ काप छायाचित्रणाच्या फिल्मद्रव्याला लावून ठेवले. किरणोत्साराने त्यावर काळे ठिपके उमटले, आणि ते दाट जमले होते हिप्पोकॅम्पसमधल्या मोठ्या चेतापेशींच्या केंद्रकांवर. आता पत्ता नुसत्या गल्लीचा राहिला नव्हता, घर क्रमांकही हाती आला होता.

पुढे डच संशोधक रॉन दे क्लुट यांनी यात एक महत्त्वाची गुंतागुंत दाखवली. तेही आधी मॅकइवनकडे काम करून गेलेले. १९८५ साली त्यांनी आणि योहानेस रॉइल यांनी सिद्ध केलं, की मेंदूत या संप्रेरकासाठी एक नाही, दोन प्रकारचे रिसेप्टर आहेत. पहिला प्रकार संप्रेरकाला सुमारे दहापट घट्ट पकडतो, त्यामुळे निवांत असतानाही तो बहुतेक भरलेला असतो. दुसरा प्रकार संप्रेरकाची पातळी चढल्यावरच भरतो: ताणाच्या वेळी, किंवा रोजच्या चढउतारात माणसाच्या बाबतीत पहाटे-सकाळी. म्हणजे एकच संप्रेरक थोडं असताना एक काम करतं आणि भरपूर असताना वेगळंच. ‘कॉर्टिसॉल घटवा’ म्हणून मोबाइलवर रोज जो उपदेश येतो, त्याला ही गोष्ट माहीत नसावी. अ‍ॅडिसनच्या आजारात माणसाचं कॉर्टिसॉल अगदीच कमी होतं आणि उपचार न झाल्यास तो जिवावर बेततो.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस हार्वर्डहून एक दाढीवाला विद्यार्थी मॅकइवनकडे आला. वर्षाचे काही महिने तो केनियाच्या मासाई मारा भागात बबून माकडांच्या मागे फिरे आणि उरलेले न्यू यॉर्कमध्ये उंदरांच्या मेंदूंवर घालवी. रॉबर्ट सापोल्स्की हे त्याचं नाव. आज मराठी वाचकांनाही तो भाषणांमुळे ठाऊक आहे. १९८६ साली सापोल्स्की, लुईस क्रे आणि मॅकइवन यांनी एक जोरकस सिद्धांत मांडला. हिप्पोकॅम्पसचं एक काम म्हणजे ताणाची यंत्रणा वेळेवर थांबवणं. दीर्घकाळ जादा संप्रेरक मिळालं तर हिप्पोकॅम्पसच्या पेशी झिजतात, थांबवणारी व्यवस्था सैल होते, संप्रेरक आणखी वाढतं, पेशी आणखी झिजतात. म्हातारपणी मेंदू का खचतो, याचं हे नेटकं स्पष्टीकरण होतं.

नेटकं होतं म्हणूनच ते फार पसरलं. ‘ताण मेंदूच्या पेशी मारतो’ हे वाक्य तिथूनच रुळलं. पण १९९० च्या दशकात पेशी मोजण्याच्या अधिक काटेकोर पद्धती आल्या. १९९६ साली पीटर रॅप आणि मिशेला गॅलाघर यांनी स्मरण मंदावलेल्या म्हाताऱ्या उंदरांचे हिप्पोकॅम्पस तपासले, तर पेशींची संख्या तरुणांइतकीच भरली. पेशी होत्या, पण आठवत नव्हतं. म्हणजे बिघाड पेशी मरण्यात नव्हता, दुसरीकडे कुठेतरी होता. आणि उलट बाजूचा धक्का त्याआधीच बसला होता. १९८९ साली रॉबर्ट स्लॉव्हिटर यांना आढळलं, की अ‍ॅड्रिनल काढून काही महिने ठेवलेल्या उंदरांत हिप्पोकॅम्पसच्या एका पट्ट्यातल्या पेशी जवळजवळ नाहीशा होतात. मॅकइवनच्या प्रयोगशाळेत एलिझाबेथ गूल्ड आणि कॅथरीन वूली यांनी १९९० साली हा मृत्यू काही दिवसांतच सुरू होतो हे दाखवलं. ज्या संप्रेरकाला मारेकरी ठरवलं जात होतं, ते काढून घेतल्यावर पेशी मरत होत्या.

मॅकइवनचं श्रेय इथे आहे. आपलाच गाजलेला सिद्धांत कुरवाळत न बसता त्याने प्रश्न बदलला. पेशी किती उरल्या याऐवजी उरलेल्या पेशींचा आकार कसा बदलतो, हे त्याची माणसं पाहू लागली.

आकार पाहण्यासाठी त्यांनी वापरली ती पद्धत शंभर वर्षं जुनी होती. इटलीच्या कामिल्लो गॉल्जी यांनी १८७३ साली शोधलेली. मेंदूचा तुकडा आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये आणि मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये मुरवायचा. यात गंमत अशी, की सगळ्या चेतापेशी रंगत नाहीत. शंभरातली एखादीच रंगते, पण ती मात्र टोकापर्यंत काळीकुट्ट होते. सगळ्या रंगल्या असत्या तर नुसता काळा डाग दिसला असता. रंगलेली एकेक पेशी सूक्ष्मदर्शकाखाली धरायची, कॅमेरा ल्युसिडा या आरशांच्या जोडणीतून तिच्या फांद्या कागदावर हाताने गिरवायच्या आणि प्रत्येक फांदीच्या ठरावीक लांबीवर किती काटे आहेत ते मोजायचे. हे काटे म्हणजे दुसऱ्या चेतापेशींकडून संदेश घेण्याच्या जागा. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणावा इतके ते बारीक. कोणता काप कोणत्या उंदराचा हे मोजणाऱ्याला कळू द्यायचं नाही. काम अत्यंत कंटाळवाणं, डोळे फोडणारं.

तेव्हा विद्यार्थिनी असलेल्या वूलीने हे काम माद्यांच्या मेंदूवर केलं, आणि हाती आलेला निकाल त्या काळच्या वैज्ञानिकांना पचायला जड होता. उंदराच्या मादीचं ऋतुचक्र चार ते पाच दिवसांचं. इस्ट्रोजेन चढतं तेव्हा हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींवर काट्यांची दाटी होते आणि नंतरच्या एका दिवसात त्यातले सुमारे ३० टक्के नाहीसे होतात. पुढच्या चक्रात पुन्हा येतात. हा शोधनिबंध १९९० साली आला. प्रौढ मेंदूची जोडणी लहानपणी एकदा होते आणि नंतर फार तर झिजते, असं पाठ्यपुस्तकं सांगत होती. इथे तर ती दर चार दिवसांनी बदलत होती, आणि तीही स्मरणाशी संबंधित भागात, ज्याचा प्रजननाशी थेट संबंध कुणी जोडलेला नव्हता. नंतर टेरेसा मिल्नर यांच्यासोबत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तेव्हा इस्ट्रोजेनचे रिसेप्टर केंद्रकापासून दूर, थेट त्या काट्यांमध्येही सापडले.

प्रयोगशाळांमध्ये त्या काळी बहुतांश प्रयोग नरांवरच होत. माद्यांचं चक्र ‘मधे येतं’ ही तक्रार. वूलीच्या प्रयोगात मधे येणारी तीच गोष्ट शोध ठरली.

१९९२ साली वातानाबे, गूल्ड आणि मॅकइवन यांनी ताणाकडे हीच नजर वळवली. उंदराला तारेच्या जाळीच्या नळकांड्यात रोज सहा तास ठेवायचं, असे २१ दिवस. इजा काहीच नाही, फक्त वळता येत नाही. तीन आठवड्यांनी हिप्पोकॅम्पसच्या ‘सीए३’ नावाच्या पट्ट्यातल्या पेशींच्या फांद्या आखूड आणि विरळ झालेल्या दिसल्या. १९९४ साली व्हिक्टोरिया लुइन यांच्यासोबत केलेल्या प्रयोगात असे उंदीर आठ बाहूंच्या चक्रव्यूहात खाणं शोधताना चुकायला लागले. मात्र ताण संपवून मधे काही दिवस जाऊ दिले, तर तेच उंदीर नीट वागले. बिघाड परतवता येण्याजोगा होता. १९९७ साली लिसा गालेआ यांनी याच प्रयोगशाळेत माद्या तपासल्या, तर त्यांच्या फांद्या नरांसारख्या आक्रसल्याच नाहीत.

मग हे आक्रसणं म्हणजे इजा आहे की आणखी काही? याचं सर्वांत सुंदर उत्तर आलं ते ताणाच्या नव्हे, झोपेच्या प्रयोगातून. आना मारिया मागारिन्योस आणि मॅकइवन यांनी फ्रेंच सहकाऱ्यांबरोबर युरोपियन हॅमस्टर या शीतनिद्रा घेणाऱ्या प्राण्याचा अभ्यास केला. २००६ साली त्यांनी सांगितलं, की हा प्राणी शीतनिद्रेत गारठून पडतो तेव्हा त्याच्या सीए३ पेशींच्या फांद्या तशाच आखूड होतात, आणि जागा झाल्यावर काही तासांतच पुन्हा वाढतात. काही तासांत! इजा अशी भरून येत नाही. वैशाखात साग पानं गाळून उभा राहतो, तेव्हा त्याला कुणी मेलेला समजत नाही. तो पाणी वाचवत असतो. जादा ताणात ग्लुटामेट नावाच्या रसायनाचा भडिमार होतो आणि त्याने पेशी खरोखर मरू शकते. फांद्या आवरून घेणं हा त्या भडिमारापासून बचाव असावा, असं मॅकइवन मांडत राहिला. लोकप्रिय पुस्तकांनी नेमका हाच भाग गाळला, आणि तो का गाळला हेही समजण्यासारखं आहे. ‘मेंदू मरतो’ यात जो थरार आहे, तो ‘मेंदू जुळवून घेतो, पण त्याची किंमत पडते’ यात नाही.

त्याआधी, नव्वदच्या दशकात, गूल्ड यांनी दाखवलं, की प्रौढ उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशी जन्मतात आणि अ‍ॅड्रिनलची संप्रेरकं हा जन्मदर घटवतात. १९९८ साली मार्मोसेट माकडांतही ताणाने असंच होतं हे दिसलं. नव्या पेशींची कल्पना जोसेफ ऑल्टमन यांनी १९६० च्या दशकातच मांडून लोकांची उपेक्षा पदरी घेतली होती. रॉकफेलरमध्येच फर्नांडो नॉटेबॉम कॅनरी पक्ष्यांच्या मेंदूत नव्या पेशी दाखवत होते, तरी सस्तन प्राण्यांबद्दल लोकांना खात्री पटायला वेळ लागला.

सगळा मेंदू ताणाने आक्रसतो, असा समज एव्हाना रूढ होऊ लागला होता. त्याला छेद दिला बेंगळुरूने. नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेसमध्ये सुमंत्र चट्टर्जी यांच्या चमूने, त्यात अजय व्यास आणि रूपशी मित्रा होते, २००२ साली तोच उंदीर, तोच ताण घेऊन मेंदूचे दोन भाग शेजारी ठेवून पाहिले. हिप्पोकॅम्पसमध्ये फांद्या आक्रसल्या. भीतीशी संबंधित अमिग्डालामध्ये मात्र त्या वाढल्या. एकच संप्रेरक, एकच रक्त आणि दोन विरुद्ध परिणाम. २००४ साली पुढचं पाऊल: ताण थांबवून २१ दिवस विश्रांती दिली, तर हिप्पोकॅम्पस पूर्वपदावर आला, अमिग्डाला आला नाही. उंदरांची धास्तीही गेली नाही. मॅकइवनच्या ‘परतवता येतं’ या आशावादाला हा चांगलाच लगाम होता. त्याने तो मोकळेपणाने स्वीकारला. पुढच्याच वर्षी मित्रा, शंतनू जाधव, व्यास आणि चट्टर्जी यांच्या शोधनिबंधावर त्याचं नाव सहलेखक म्हणून आहे. या निबंधातली एक गोष्ट विशेष आहे. उंदराला फक्त एकदाच, दोन तास जखडून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी अमिग्डालात काहीच दिसत नाही. दहा दिवसांनी मात्र तिथे नवे काटे उगवलेले असतात. एखाद्या अपघातानंतर धास्ती लगेच न येता आठवड्या-दोन आठवड्यांनी का घेरते, याचा विचार करणाऱ्यांना हा दहा दिवसांचा उशीर महत्त्वाचा वाटतो.

मुंबईतही कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांच्या प्रयोगशाळेने शेजारचा प्रश्न हाती घेतला: पिल्लूपणी रोज काही तास आईपासून दूर ठेवलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसचं आणि स्वभावाचं मोठेपणी काय होतं. त्यांना २०१५ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. या प्रश्नाची एक शाखाही मॅकइवनच्या घराण्यातलीच आहे. त्याच्याकडे डॉक्टरेटनंतर काम केलेल्या मायकेल मीनी यांनी माँट्रियलमध्ये दाखवलं, की ज्या पिल्लांना आई जास्त चाटते, त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये ताणसंप्रेरकाचे रिसेप्टर जास्त तयार होतात आणि मोठेपणी त्यांचा ताणप्रतिसाद आटोक्यात राहतो. २००४ साली यामागची जनुकांवरची रासायनिक खूणही त्यांच्या चमूने दाखवली. पिल्लांची अदलाबदल केली, तर खूण जन्मदात्रीप्रमाणे नव्हे, वाढवणाऱ्या आईप्रमाणे ठरते.

नव्वदच्या दशकात मॅकइवन उंदरांतून माणसांकडे आणि माणसांतून समाजाकडे वळला. पेनसिल्वेनिया विद्यापीठाच्या पीटर स्टर्लिंग आणि जोसेफ आयर यांनी १९८८ साली ‘अ‍ॅलोस्टॅसिस’ ही संकल्पना मांडली होती. शरीर स्थिर राहण्यासाठी स्वतःला सतत बदलत असतं, हा तिचा गाभा. स्टर्लिंग साठच्या दशकात क्लीव्हलंडच्या कृष्णवर्णीय वस्त्यांत दारोदार फिरत होते आणि तिथे पक्षाघाताने एक अंग गेलेली माणसं त्यांना दारात भेटत; या संकल्पनेचं बीज त्या अनुभवात होतं. मॅकइवन आणि एलियट स्टेलर यांनी १९९३ साली अ‍ॅलोस्टॅसिसला पुढचा भाग जोडला. बदलत राहण्याचीही झीज असते. रक्तदाब चढवून, साखर वाढवून, झोप उडवून शरीर आजचा दिवस निभावतं, पण हेच वर्षानुवर्षं चाललं तर हिशेब साठत जातो. याला त्यांनी ‘अ‍ॅलोस्टॅटिक लोड’ म्हटलं. १९९७ साली टेरेसा सीमन यांच्यासह त्यांनी ७० ते ७९ वयाच्या अमेरिकनांमध्ये रक्तदाब, कंबर-नितंब प्रमाण, कोलेस्टेरॉल, साखर, लघवीतलं कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रिनॅलिन अशा दहा मोजमापांचा एकत्र गुणांक काढला. गुणांक जास्त असलेल्यांची बुद्धी आणि शरीर पुढच्या वर्षांत जास्त ढासळलं.

या संकल्पनेचा गवगवा खूप झाला, पण ती जरा सैल आहे हे मान्य करायला हवं. कुठली मोजमापं घ्यायची यावर एकमत झालं नाही. कुणी दहा घेतली, कुणी भलतीच. तरीही तिने एक काम केलं. गरिबी, असुरक्षित काम, गोंगाट, अपुरी झोप यांना डॉक्टरी तपासणीच्या कागदावर जागा मिळवून दिली. समाजातलं स्थान आणि प्रकृती यांचा संबंध तपासणाऱ्या, नॅन्सी अ‍ॅडलर यांच्या मॅकआर्थर गटात मॅकइवन होता. हा गट लोकांना दहा पायऱ्यांच्या शिडीचं चित्र दाखवून, समाजात तुम्ही कोणत्या पायरीवर आहात असं तुम्हाला वाटतं, हे विचारी. माणसाने दिलेलं उत्तर त्याच्या प्रकृतीशी जुळतं, असं वारंवार दिसलं.

माणसांचा मेंदू कापून काटे मोजता येत नाहीत, त्यामुळे इथे पुरावा आडवळणाने येतो. कॉर्टिसॉल अतोनात वाढवणाऱ्या कुशिंग सिंड्रोममध्ये मोनिका स्टार्कमन यांना हिप्पोकॅम्पस लहान आढळला, आणि १९९९ साली उपचारानंतर तो थोडा भरून आलेलाही दिसला. पण लहान हिप्पोकॅम्पस दिसला की ताणानेच झाला, असं म्हणायची घाई नको. २००२ साली मार्क गिल्बर्टसन यांनी व्हिएतनाम युद्धातले सैनिक आणि युद्धावर न गेलेले त्यांचे जुळे भाऊ एकत्र तपासले. तीव्र मानसिक आघाताने पछाडलेल्या सैनिकांचा हिप्पोकॅम्पस लहान होता. घरी राहिलेल्या त्यांच्या जुळ्यांचाही होता! म्हणजे निदान काही अंशी तरी तो आधीपासूनच लहान होता आणि त्यामुळे आघात जास्त जिव्हारी लागला असावा.

मॅकइवनच्या चमूचा मानवी प्रयोग जास्त स्वच्छ होता, कारण त्यात माणसाची तुलना स्वतःशीच होती. कॉनर लिस्टन, मॅकइवन आणि बी. जे. केसी यांनी मोठ्या परीक्षेच्या तयारीत महिनाभर बुडालेले वैद्यकीय विद्यार्थी निवडले. स्कॅनरमध्ये पडल्या पडल्या त्यांना लक्ष एका गोष्टीवरून दुसरीवर वळवायचं होतं. ते अडखळत होते आणि कपाळामागच्या प्रीफ्रंटल भागाची इतर भागांशी जोडणीही सैल पडलेली दिसली. परीक्षा संपून महिनाभर गेल्यावर पुन्हा तपासलं, तर फरक नाहीसा झाला होता. २००९ सालचा हा निकाल. विद्यार्थी तरुण होते, हे विसरू नये.

त्याची प्रयोगशाळा नुसती वाईट बातमी देत नव्हती. फिरदौस धाभर यांनी तिथे दाखवलं, की ताण थोडा वेळ असेल तर पांढऱ्या पेशी रक्तातून त्वचेकडे सरकतात आणि त्वचेची प्रतिकारशक्ती वाढते. तोच ताण काही आठवडे रेटला की ती घटते.

मॅकइवन रॉकफेलरमध्ये शेवटपर्यंत होता. त्याच्या प्राध्यापकपदाला त्याच्या गुरूचं, मर्स्की यांचं नाव होतं. सोसायटी फॉर न्यूरोसायन्सचं अध्यक्षपद त्याने भूषवलं. २०२० च्या जानेवारीत, वयाच्या ८१ व्या वर्षी तो गेला. अखेरच्या दशकात त्याचं काम पुन्हा केंद्रकाकडे झुकलं होतं. रिचर्ड हंटर यांच्याबरोबर तो ताणाने हिप्पोकॅम्पसमधल्या हिस्टोनवरच्या खुणा कशा बदलतात ते मोजत होता.

जेसन ग्रे, हंटर आणि इतरांसह २०१४ साली आलेल्या कामाने ‘पूर्वपदावर येणं’ या त्याच्या लाडक्या निष्कर्षालाच खोदून पाहिलं. उंदरांना २१ दिवस जखडण्याचा ताण दिला, मग तितकेच दिवस मोकळं सोडलं. वागणं सुधारलं. धास्ती ओसरली. मग एकदा नवा ताण दिला आणि हिप्पोकॅम्पसमधली कोणती जनुकं चालू होतात ते पाहिलं. ताण कधीच न पाहिलेल्या उंदरांची यादी आणि ताणातून सावरलेल्या उंदरांची यादी एक नव्हती.